शुक्रवार संध्याकाळचं डिप्लॉयमेंट

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काहीही टाकायचं नाही. बदल कितीही छोटा असो, "अरे एकच तर ओळ आहे" असं कोणी कितीही म्हणो. कारण ती एकच ओळ रात्री दोन वाजता फुटते. तेव्हा ती लिहिणारा लोणावळ्याला गेलेला असतो, टेस्टिंगवाला फोन उचलत नाही आणि सपोर्टला बसवलेला नवीन पोरगा जगभरच्या शिव्या खातो. पहिलं दीड वर्ष तो नवीन पोरगा मी होतो, त्यामुळे हा नियम मला कोणी शिकवावा लागला नाही.

१९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार होता. त्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका कागदावर सही केली. एच-१बी व्हिसासाठी नवीन अर्ज करायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. अंमल कधीपासून? २१ तारखेच्या रात्री बारा वाजून एक मिनिटापासून, त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. म्हणजे सही आणि अंमल यांच्यात दीड दिवस सुद्धा नाही, आणि तोही शनिवार. शेजारी उभे असलेले वाणिज्य मंत्री लटनिक म्हणाले की ही रक्कम दर वर्षी भरायची. ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे आणि जे त्या क्षणी अमेरिकेबाहेर आहेत, त्यांचं काय? ते कोणालाच नीट कळेना. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी आपल्या लोकांना निरोप धाडले की बाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या, आत असाल तर हलू नका. सॅन फ्रान्सिस्कोला दुबईच्या विमानात बसलेली माणसं उतरून परत गेल्याच्या बातम्या आल्या.

आणि उंद्रीत आमच्या घरी पितरांची तयारी चालली होती.

उंद्री म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारं आमचं गाव. (पुण्यात सांगितलं की लोक "हो हो, कोंढव्याच्या पुढे" म्हणतात. ती उंड्री. ती वेगळी. मी आता दुरुस्त करणं सोडलंय.) माझा चुलतभाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा, २०१४ पासून अमेरिकेत आहे. मोठे बाबा २०२४ च्या जुलैत गेले. त्यामुळे हा त्यांचा पहिलाच पितृपक्ष. दादा तेवढ्यासाठी दहा दिवस आला होता. रविवारी, २१ तारखेला, सर्वपित्री अमावास्या. मीही पुण्याहून शुक्रवारी रात्री निघून सकाळी पोचलो, तर दादा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला, तोंड पांढरंफटक. कंपनीच्या वकिलाचा मेल आला होता. मुदतीच्या आत प्रवेश करा.

आम्ही दोघांनी बोटांवर हिशोब केला. सकाळचे साडेसहा. मुदत आपल्या रविवारी सकाळी साडेनऊला. हातात सत्तावीस तास. जालन्याजवळ समृद्धीला लागून मुंबई विमानतळ आठ तास. तिथे तीन तास आधी. थेट विमान मिळालंच तर सोळा तास. आठ, तीन आणि सोळा, सत्तावीस. म्हणजे वाटेत चहालासुद्धा थांबायचं नाही. आमच्याकडे अशा प्लॅनला प्रोजेक्ट मॅनेजर "टाइट पण अचीव्हेबल" म्हणतो.

मोठी आई चुलीपाशी होती. तिला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "बापाचं पान सोडून चालला का रे?" मग आपणच म्हणाली, "जाय बापा, जाय. तिकडं पोरगी हाये तुही."

दादा गेला. थेट विमान मिळालं नाहीच. आखातातून जाणारं मिळालं, नेहमीच्या जवळपास तिप्पट पैशात. ते मुदतीनंतर पोचणार होतं, पण तरी बसला. तो हवेत असताना व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या लेविट यांनी खुलासा केला. फी वार्षिक नाही, एकदाच. फक्त नव्या अर्जांना. आधीपासून व्हिसा असलेल्यांना काही नाही, खुशाल या-जा करा. म्हणजे दादाला निघायची काही गरजच नव्हती. रविवारी पान माझ्या बाबांनी वाढलं, कढी, वडे, खीर, सगळं. कावळ्याला घास मी ठेवला. दादा दुबईच्या कुठल्याशा बाकड्यावर बसून व्हिडिओ कॉलवर बघत होता आणि आमच्याकडे नेटवर्क जात होतं.

आता मंडळी, एवढं नमनाला घडाभर तेल घातलं ते ट्रम्पला शिव्या देण्यासाठी नाही. शिव्या देणारे भरपूर आहेत, आणि त्या वीकेंडला मीही त्यांच्यात होतो. पण डोकं शांत झाल्यावर मला वेगळ्याच गोष्टीचा राग यायला लागला. एका माणसाच्या एका सहीने दीड दिवसात एवढं होऊ कसं शकतं? तिथे संसद नाही? कायदे नाहीत? आपणच तर सांगत असतो, "तिकडे सिस्टिम आहे राव, आपल्यासारखं नाही."

तर सिस्टिम अशी आहे. एच-१बी चा कायदा आला १९९० मध्ये, थोरल्या बुश यांच्या सहीने. वर्षाला पासष्ट हजार व्हिसा. ग्रीन कार्डाचे आकडे त्याच कायद्यात ठरले. नोकरीवाल्यांना साधारण एक लाख चाळीस हजार, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही. भारत असो की आइसलँड, सात टक्के. दादाच्या रांगेचं मूळ हे. १९९८ आणि २००० मध्ये क्लिंटन यांच्या काळात काँग्रेसने नवे कायदे करून व्हिसाचा आकडा आधी एक लाख पंधरा हजार, मग एक लाख पंचाण्णव हजार केला. आपल्याकडे घरोघरी "आमचा मुलगा स्टेट्सला" सुरू झालं ते याच काळात. मुदत संपली तसा २००४ मध्ये आकडा परत पासष्ट हजारांवर आला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी वीस हजार वाढवून मिळाले. आणि तिथे गाडी थांबली. ऑर्कुट आलं, गेलं, अख्खं स्मार्टफोनचं युग आलं, पण तो आकडा आजही पंच्याऐंशी हजार.

२०१३ मध्ये सिनेटने एक मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ असं मंजूर केलं होतं. प्रतिनिधी सभेने ते मतदानालाच घेतलं नाही. तेव्हापासून काँग्रेसने या विषयावरचं आपलं काम जवळजवळ सोडून दिलंय असंच म्हणावं लागतं. आणि संसद काम सोडते तेव्हा ते काम पेन उचलतं. १९५२ च्या त्यांच्या कायद्यात कलम २१२ (एफ) आहे. देशहिताला बाधक वाटेल अशा परदेशी लोकांचा प्रवेश अध्यक्ष थांबवू शकतो. किती काळ? त्याला योग्य वाटेल तितका. २०१८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी या कलमाला चांगलंच लांबरुंद करून दिलं. ही लाख डॉलरची फी त्याच कलमाखाली आली. लोक कोर्टात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायाधीशांनी एका दाव्यात सरकारच्याच बाजूने निकाल दिला.

आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोड २००४ पासून कोणी उघडलेला नाही, सगळे लोक कॉन्फिग फाइलमध्ये हात घालतायत. आणि कॉन्फिगचा पासवर्ड एका माणसाकडे. दर चार वर्षांनी माणूस बदलतो.

पण आता जरा टोचणारं बोलतो. हे पेन आपल्या बाजूने चाललं तेव्हा आपण काय केलं? २०१५ मध्ये ओबामांच्या प्रशासनाने ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांच्या नवरा-बायकोला नोकरीची परवानगी दिली. ती एच-४ वाली. काँग्रेसमध्ये त्यावर मतदान झालं नव्हतं, प्रशासनाने नियम काढला. आमच्या वहिनीने त्याच जोरावर नोकरी धरली आणि आम्ही गावात पेढे वाटले. शिक्षणानंतर तिथे काम करायची जी सवलत असते, तिची मुदत धाकट्या बुश यांच्या प्रशासनाने २००८ मध्ये वाढवली, ओबामांच्या प्रशासनाने २०१६ मध्ये आणखी वाढवली. हजारो मराठी पोरांची कर्जं त्या सवलतीवर फिटली. तीही नियमच. तेव्हा आपल्यापैकी कोणी म्हटलं का, की बाबांनो, हे कायद्यात बसवून घ्या, नाहीतर पुढचा येईल आणि खोडेल? नाही म्हटलं. पेन चाललं आणि आपण टाळ्या वाजवल्या. मग २०१७ मध्ये नवा माणूस आला. वहिनीची ती परवानगी रद्द करण्याचा प्रस्ताव सरकारी यादीत चढला आणि तीन-साडेतीन वर्षं तिथेच लटकत राहिला. झालं काहीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये बायडन प्रशासनाने तो मागे घेतला. पण त्या साडेतीन वर्षांत त्यांनी घर घेतलं नाही, दुसरं मूल होऊ दिलं नाही. यादीत लटकलेल्या एका ओळीपायी.

बायडन आल्यावर सगळं सुरळीत झालं असं म्हणणाऱ्यांनाही विचारायचंय. रांग तशीच राहिली. लहानपणी आईबापांबरोबर गेलेली मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांचा हक्क सुटतो, तेही तसंच राहिलं. फक्त त्रास देणं थांबलं, आणि आपण त्यालाच धोरण समजलो.

आपल्या इकडच्या भक्तांचं तर वेगळंच. २०१६ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर हिंदू सेना नावाच्या संघटनेने ट्रम्प जिंकावेत म्हणून होम केला होता. २२ सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनमध्ये "हाउडी मोदी". २४ फेब्रुवारी २०२० ला मोटेराला "नमस्ते ट्रम्प". स्टेडियम भरलं, मिठ्या झाल्या, आमच्या फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पूर. आणि २२ जून २०२० ला, मोजून चार महिन्यांत, त्याच पाहुण्याने एच-१बी वर नव्याने येणाऱ्यांना डिसेंबर अखेरपर्यंत दार बंद केलं. पुढे ते मार्च २०२१ पर्यंत वाढवलं. माझा कॉलेजचा एक सीनियर व्हिसाचा शिक्का घ्यायला नागपूरला आला होता तो नऊ महिने आईच्या हातचं खाऊन गेला. मिठीने व्हिसा मिळत नाही हो. परराष्ट्र खात्याने २०२५ मध्येही निवेदन काढलं, कुटुंबांची ताटातूट होईल, अमेरिकेने विचार करावा वगैरे. ठीक आहे, काढलं. पण दोन माणसांच्या मैत्रीवर लाखो संसार तोललेले असणं हेच मुळात चूक आहे, हे निवेदनात लिहिता येत नाही.

नेता बदलला की धोरण फिरतं हे काही अमेरिकेपुरतं नाही म्हणा. ब्रिटनने शिकून झाल्यावर काम करायचा व्हिसा २०१२ मध्ये बंद केला, तेव्हा गृहमंत्री थेरेसा मे. २०२१ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने तो वेगळ्या नावाने परत आणला. पक्ष एकच! कॅनडात तर माणूसही बदलला नाही. ज्या ट्रुडोंच्या सरकारने वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना "या या" म्हटलं, त्यांनीच जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आणली, कारण घरभाडी वाढली आणि मतदार चिडले. म्हणजे खरा बॉस मतदार. खुर्चीतला माणूस त्याचा वास घेत असतो.

तो मतदार चिडलाय, त्यात खोट काय? इथे माझे मित्र माझ्यावर उखडतात, पण बोलतोच.

मी केटी घेतलेली आहे. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. त्यांच्याकडचा माणूस त्याचं काम आपल्याला शिकवतो, आपण शिकतो, आणि मग तो माणूस जातो. कुठे जातो ते आपण विचारत नाही. माझी पहिली केटी ओहायोतल्या एका पन्नाशीतल्या माणसाकडून. सहा आठवडे, रोज रात्री आपल्या साडेआठपासून. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. आमच्या दोघांच्या मॅनेजरना माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे किती वाजले? म्हटलं, साडेअकरा. तर म्हणाला, जा झोप, उरलेलं मी लिहून ठेवतो. आणि त्याने खरंच लिहून ठेवलं. चाळीस पानं, स्क्रीनशॉटसकट. ते डॉक्युमेंट आम्ही अजून वापरतो. त्या माणसाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोणाला मत दिलं असेल याचा मी अंदाज करू शकतो, आणि मला त्याला वंशद्वेष्टा म्हणवत नाही. २०१५ मध्ये ओरलँडोच्या डिस्नेमधल्या लोकांना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवून मग घरी जावं लागलं होतं. ती बातमी तिथे घराघरांत पोचली. आपल्याकडे कुठल्या पेपरात कितव्या पानावर आली होती?

लॉटरीत आपण काय दिवे लावले तेही आठवा. एकाच माणसासाठी चार-चार कंपन्यांकडून नाव घालायचं, म्हणजे चिठ्ठी निघायची शक्यता चौपट. २०२३ च्या मार्चमध्ये सात लाख ऐंशी हजार नोंदी झाल्या, आणि त्यातल्या चार लाखांवर नोंदी अशा एकाहून जास्त वेळा घातलेल्या नावांच्या होत्या. पुढच्या वर्षी "माणसामागे एकच चिठ्ठी" असा नियम आला आणि आकडा धाडकन चार लाख ऐंशी हजारांच्या घरात. हे करणाऱ्यांत आपलेच कन्सल्टन्सीवाले होते हे आयटीतल्या कोणालाही माहीत आहे. आम्ही त्याला "जुगाड" म्हणालो. ते फ्रॉड म्हणाले. शब्द त्यांचा बरोबर होता.

मग लाख डॉलर बरोबर का? अजिबात नाही, आणि तेही त्या ओहायोवाल्याच्याच नजरेतून बघा. लाख डॉलर लावल्याने त्याचं काम त्याला परत मिळत नाही. ते काम विमानात बसत नाही आता, केबलमधून हिंजवडीला येतं. कंपनी विचार करते, माणूस तिकडे न्यायला एवढा खर्च, तर माणूस इथेच राहू दे, काम पाठवा. माझ्या टीमचंच बघा. ऑनसाइटच्या यादीत माझं नाव दोन वर्षं होतं. त्या सोमवारी यादीच नाहीशी झाली आणि दोन महिन्यांत पुण्यात बारा जागा निघाल्या. ओहायोत शून्य. आणि सरसकट फी असल्याने ती नावं विकणाऱ्या दुकानालाही लागते आणि खेड्यातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आणू बघणाऱ्यालाही.

त्याच सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये दुसरा एक नियम जाहीर केला, जास्त पगाराच्या जागेला लॉटरीत जास्त संधी देणारा. सगळ्यात वरच्या पगारश्रेणीला चार चिठ्ठ्या, खालच्या श्रेणीला एक. मला तो पूर्ण पटत नाही, कारण नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या पोराचा त्यात बळी जातो. पण निदान त्याचा मसुदा आधी आला, लोकांच्या हरकती मागवल्या, तारीख सांगितली. विरोध करायला कागद तरी हातात होता. शुक्रवारी सही आणि रविवारी अंमल, याला धोरण म्हणत नाहीत.

बाबांना मी हे सगळं दिवाळीत सांगत होतो. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे किती रे लाख डॉलर?" म्हटलं, त्या दिवशीच्या भावाने अठ्ठ्याऐंशी लाख. "सोयाबीनचे किती क्विंटल?" हमीभाव ५,३२८ धरून काढलं तर साडेसोळाशे क्विंटल. आमच्या पाच एकरात बऱ्या सालात चाळीस होतात. म्हणजे एकेचाळीस वर्षं. तेही हमीभाव मिळाला तर, आणि त्या वर्षी तो बाजारात मिळत नव्हता, सप्टेंबरच्या पावसाने शेंगा काळ्या पडल्या होत्या ते वेगळंच. बाबा हसले. म्हणाले, "तुह्या ट्रम्पचं काय घेऊन बसला? आमचं तं दर सालाचंच हाये."

आणि खरंच की. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क एका अधिसूचनेने माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांत बदलून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरच्या गाठी बिनशुल्क. का, तर अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं आणि कापडवाल्यांना आधार द्यायचा होता. खामगावच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्याला कोणी विचारलं होतं? पेरलं तेव्हा एक नियम, वेचायला घेतलं तेव्हा दुसरा. दादाचं आणि बाबांचं दुखणं एकच आहे हे मला इंजिनिअर होऊनही बाबांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. फरक एवढाच की दादासाठी टीव्हीवर चर्चा झाल्या.

आता शेवटचं, आणि हे आपल्या मराठी लोकांसाठी. त्याच सप्टेंबरच्या वीकेंडला माझ्या एका ग्रुपवर सकाळी मेसेज, "ट्रम्प रेसिस्ट आहे, टॅलेंटची कदर नाही." दुपारी त्याच माणसाचा मेसेज, पुण्यातल्या कुठल्याशा टपरीवाल्यावरून, "या परप्रांतीयांना हाकलल्याशिवाय मराठी माणसाचं भलं नाही." च्यायला, किती तास गेले मध्ये? ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं. उद्योगांत ८० टक्के स्थानिक हवेत ही मागणी आपल्याकडे किती जुनी आहे! आणि तीच मागणी दुसऱ्याने केली की? जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा बेंगळुरूतले माझे मराठी मित्र काय तडफडले. उद्योगांनी ओरडा केल्यावर ते बाजूला ठेवलं गेलं. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्दच केला. भूमिपुत्र हा शब्द आपला आहे, ट्रम्पला फक्त तो उच्चारता येत नाही.

नाही, दोन्ही गोष्टी अगदी सारख्या नाहीत, मला माहीत आहे. बिहारच्या पोराला पुण्यात राहायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिलाय. मला अमेरिकेत राहायचा हक्क कोणीच दिलेला नाही. त्यांचं दार, त्यांनी ठरवावं. उद्या त्यांच्या काँग्रेसने कायदा करून एच-१बी शून्यावर आणला तर मला वाईट वाटेल, पण अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे. ज्याला तुम्हीच बोलावलं, ज्याच्याकडून अकरा वर्षं टॅक्स घेतला, ज्याची मुलगी तुमची नागरिक आहे, त्याला बापाच्या पानावरून उठवून दीड दिवस पळवायचं आणि मग म्हणायचं, तुला नव्हतं म्हटलं. दार लावा, पण माणूस आत आहे की बाहेर ते बघून लावा. टपरीवाल्याच्या बाबतीत तर आपल्याला तेवढाही अधिकार नाही.

दिवाळीच्या पाडव्याला शेजारचा पोरगा आला. बी. ई. होऊन वर्ष झालंय, २०२६ च्या ऑगस्टला एम. एस. ला जायचं म्हणत होता. बरोबर त्याचे वडील. पंचेचाळीस लाखांचं कर्ज मंजूर होत होतं, तारण म्हणून घर आणि दुसऱ्या कोणाची तरी जागा. पोराने एक्सेल शीट आणली होती. मानलं पाहिजे, शीट फार व्यवस्थित. मे २०२८ ला डिग्री. मग कामाची सवलत, एक वर्ष आणि वरची दोन, म्हणजे २०३१ पर्यंत. तेवढ्यात तीन-चार वेळा लॉटरी. एका कॉलममध्ये हप्ता, एका कॉलममध्ये पगार, आणि एका कॉलममध्ये "अध्यक्ष". तिथे जानेवारी २०२९ पर्यंत नाव लिहिलेलं, आणि त्यानंतर खाली सगळीकडे प्रश्नचिन्ह.

काका बराच वेळ त्या शीटकडे बघत होते. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे कायचं हाये?"

पोरगा म्हणाला, "ते तिकडच्या निवडणुकीचं, बाबा."

"मंग त्याच्यावर व्याज कितीक धरलं?"

मी पोराला सांगितलं, निम्मी फी माफ होत असेल किंवा असिस्टंटशिप मिळत असेल तर जा. आणि कर्ज असं काढ, की डिग्रीनंतर दुसऱ्याच दिवशी परत यावं लागलं तर पुण्याच्या पगारात फिटेल. त्या अटीत बसत नसेल तर या साली नको. त्याला ते आवडलं नाही. "भाऊ, तुम्ही जाऊ शकले नाही म्हणून म्हणता," असं तोंडावर म्हणाला. त्यात थोडं खरं असेल, मी रात्रभर विचार केला. काकांनी त्याला दटावलं, पण आईने पुढे केलेला फराळ दोघांनीही खाल्ला नाही. मंजुरीचं पत्र मात्र काका आमच्या दिवाणावर विसरून गेले. दुसऱ्या दिवशी मी द्यायला गेलो तर म्हणाले, राहू द्या तुमच्याकडंच चार दिवस.